डॅशबोर्डखालचे नातेवाईक

४ फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वाद. अर्धाच. उरलेला गाडी चालू झाल्यावर.

पत्र बघून दचकू नकोस. तुझ्याशी आयुष्यात एक शब्द बोलणार नाही असं मी म्हणाले होते आणि तूही छाती फुगवून तेच म्हणाला होतास. लिहिण्याबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नव्हतं. तेव्हा शपथ शाबूत आहे. फोन मात्र करायचा नाही. केलास तर उचलून ठेवून देईन.

कामाचं सांगते. घरामागची शेड पाडणार आहेत. तिथून सांडपाण्याचा मोठा पाइप जायचाय म्हणे. एप्रिल संपायच्या आत जागा रिकामी हवी. शेडमध्ये काय आहे ते तुला सांगायला नको. माझी लाल गाडी, दोन सीटची, बुटकी. तू तिचं पोट फाडून गेलास तेव्हापासून तशीच पडली आहे. जुनी वायरिंग उपटलीस, नवी अर्धी घातलीस आणि मग चार लोकांसमोर ‘ताई, आता पुरे, वय झालं तुझं’ असं भाषण ठोकून निघून गेलास. वायरी डॅशबोर्डखाली लोंबतायत.

भंगारवाला येऊन बघून गेला. साखळी लावून ओढून नेतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, ही गाडी या शेडमध्ये स्वतःच्या इंजिनावर आली आणि बाहेरही स्वतःच्या इंजिनावरच जाईल. तो हसला. मी नाही हसले.

तर आता मुद्दा. प्रत्येक वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा कपलर आहे आणि प्रत्येक कपलरला तू पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहेस. मला वाटलं, चला, एक काम तरी माणसासारखं केलंय. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून शेजारच्या दातांच्या डॉक्टरला खाली घातलं आणि चिठ्ठ्या वाचायला लावल्या. तो वाचतोय, ‘मोठी काकू’. ‘आत्या’. ‘मावशी’. ‘जावईबापू’. एका चिठ्ठीवर ‘मामा, पण प्यायलेला’. डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, बाई, आपण गाडी दुरुस्त करतोय की लग्नाची पंगत मांडतोय?

कोण कुठे बसतं ते लिहून पाठव. टोमणे वेगळ्या कागदावर लिही, म्हणजे टाकून देता येतील.

तुझी बहीण, जन्माने


११ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. पूर्ण. मी कामं अर्धवट सोडत नाही, मला मधूनच हाकलतात.

चिठ्ठ्यांना नावं ठेवण्याआधी ऐक. मी चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. आकडे टाकले तर सहाचा नऊ होतो. इंग्रजी अक्षरं टाकली तर ग्रीस लागून पुसली जातात. पण मोठी काकू कशी होती हे विसरणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून मी पहिल्यापासून आपले नातेवाईकच वापरत आलो. या शहरात कितीतरी गाड्यांमध्ये मोठी काकू बसून फिरते आहे आणि मालकांना पत्ता नाही.

मोठी काकू म्हणजे भोंगा. ‘काका’ नावाचा छोटा डबा तिच्या शेजारी आहे, तो भोंग्याचा रिले. आठवतं ना, आधी काका नुसतं घसा साफ करायचे आणि मग काकू सुरू व्हायची. तसंच आहे. काकांनी आत ‘टक’ केल्याशिवाय ती बोलत नाही.

आत्या म्हणजे हेडलाइट. दारातून आत आली की सगळ्यांचे डोळे दिपलेच पाहिजेत. मावशी म्हणजे पेट्रोलचा काटा. पोट भरलेलं असलं तरी रिकामं आहे असंच सांगणार. जावईबापू म्हणजे वायपर. दोन स्पीड आहेत आणि दोन्हींत काम होत नाही. प्यायलेला मामा इंडिकेटर आहे. जातो म्हणतो, थांबतो, परत जातो म्हणतो. आजोबा म्हणजे अर्थिंग. ते कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण शेवटी सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं आणि ते सैल झाले की अख्खं घर वेड्यासारखं करतं. त्यांच्याखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत कर आणि घट्ट आवळ.

आता महत्त्वाचं. कपलरच्या आकारावर जाऊ नकोस. बरेचसे एकाच साच्यातले आहेत, कोणीही कोणात बसतो. आत बसला म्हणजे जुळलं असं नसतं, हे तुझ्या लग्नाच्या वेळीही मी म्हणालो होतो. नेहमी वायरीचा रंग बघ. मुख्य रंग आणि त्यावरची बारीक रेघ. काकूची जांभळी. आत्याची निळी, एकीवर पांढरी रेघ, एकीवर लाल. मावशी, जावईबापू, मामा हे सगळे हिरव्या कुटुंबातले, रेघा वेगवेगळ्या. काळी फक्त आजोबांची. आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

गाडी चालू झालीच तर ती बाहेर कोण नेणार, हे मी विचारत नाही. मागच्या वेळी विचारलं तेव्हा कानाजवळून पाना गेला होता.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वाद नाही. कारण पुढे येईल.

डॉक्टर रोज दवाखाना बंद करून येतो. डोक्याला दिवा, हातात तो दातांचा छोटा आरसा आणि चिमटा. पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली डोकं घालतो आणि प्रत्येक कपलर ओढायच्या आधी सवयीने ‘थोडं दुखेल’ म्हणतो. पण हात हलका आहे. आजोबांना खरवडून आवळलं. जावईबापू चालले, म्हणजे अर्ध्या काचेपर्यंत जाऊन थांबले, तू लिहिलंस तसंच. मावशीचा काटा रिकाम्यावर आहे. टाकी खरंच रिकामी आहे, त्यामुळे तिचं पहिल्यांदाच खरं ठरलं. मामाही लुकलुकला.

मग मी दिव्याचं बटण ओढलं आणि मोठी काकू ओरडायला लागली. बटण बंद केलं तरी थांबेना. गल्लीतले सगळे बाहेर आले. कुणीतरी विचारलं, कुणाला घेऊन जायला अँब्युलन्स आलीय का. शेवटी डॉक्टरने दाढ उपटायच्या पकडीने बॅटरीची वायर खेचून काढली. त्याचा हात अजून थरथरतोय आणि उद्या त्याच्याकडे तीन पेशंट आहेत. ते बिचारे काय भोगतील ते भोगोत.

म्हणजे काकू आणि आत्या उलट्या बसल्या आहेत. दोष तुझाच. दोन्ही कपलर पांढरे, चार खणांचे, जुळे भाऊ. दोन्हींच्या मागून काळ्या वायरी. काळी फक्त आजोबांची म्हणतोस, मग या कुठून आल्या? चिठ्ठ्या बघ म्हणशील, तर त्या मी आधीच कापून टाकल्या. मध्ये येत होत्या. आपल्या काकूला आणि आत्याला ओळखायला मला चिठ्ठी लागत नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

अजून एक. सगळं खानदान तिथे लटकलंय, मी कुठे आहे? कापलेल्या धरून सगळ्या चिठ्ठ्या परत वाचून घेतल्या. तुझी स्वतःचीही नाही. आपण दोघं काय दत्तक आहोत का?

बहीण


२७ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार.

आधी तुझ्या शंकेचं. तू आहेस. डाव्या बाजूला काळं झाकण असलेला डबा आहे ना, फ्यूजचा, तो तू. जरा जास्त झालं की सगळ्यांच्या आधी तू उडतेस आणि मग घरात अंधार. त्याला चिठ्ठी लागत नाही. मी कुठेच नाही, कारण काम करणाऱ्या माणसाला त्या गर्दीत जागा ठेवायची नसते.

त्या दातपाड्याला सांग, पकडीने बॅटरी काढायची नसते. स्पार्क उडाला असता तर त्याच्याच कवळीचं माप घ्यावं लागलं असतं. चिमट्याने कपलर ओढतो म्हणतेस, त्यानेच त्याच्या पिना वाकणार. दात आणि वायरी यांत एवढाच फरक आहे की वायरी उपटल्या की पैसे मिळत नाहीत.

काळ्या वायरींचं मला कळत नाहीये. त्या भागात मी काळी वायर ओढलेलीच नाही. असो, सोपी खूण सांगतो. आत्याच्या कपलरला मागच्या बाजूने मी लाल दोरा बांधून ठेवला होता, मुद्दाम, याचसाठी. तो सापडतो का बघ आणि मला लिही. गाठ कुठल्या अंगाला आहे तेही लिही, म्हणजे मला खात्री पटेल.

आणि एवढ्या मोठ्याने लिहू नकोस. एका पानावर सहा ओळी, तीही त्या जाड पेनाने. रागावली आहेस हे मला बारीक अक्षरांतही कळतं. पोस्टमन विचारत होता, आत कॅलेंडर आहे का.

धाकटा


८ मार्च

धाकट्यास,

सापडला. लाल दोरा, गाठ उजव्या अंगाला. अदलाबदल करून टाकली. आता दिव्याला दिवा आणि भोंग्याला भोंगा.

पेट्रोल भरलं. स्टार्टर फिरतो. इंजिन घरघरतं, पण पेट घेत नाही. डॉक्टरने प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. स्टिअरिंगच्या मागे वर तीन कपलर मोकळे आहेत आणि एकालाही चिठ्ठी नाही. यांतला इग्निशनचा कुठला?

भंगारवाला काल टेप घेऊन आला होता. शेडचं दार मोजून गेला. लवकर लिही.

बहीण


१३ मार्च

ताई,

लाल दोरा नाही.

कशालाच नाही. मी आयुष्यात कुठल्या कपलरला दोरा बांधलेला नाही. तू जांभळी आणि निळी दोन्ही काळ्या म्हणालीस तेव्हा मी ते पत्र चार वेळा वाचलं. तू. ज्या बाईने चालत्या गाडीतून समोरच्या वळणावरचं तेल बघून ब्रेक मारला होता. म्हणून खोटा दोरा लिहिला. तू त्याची गाठसुद्धा उजव्या अंगाला बांधून दिलीस.

मग तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेतली. मी मूर्ख, ते जाड पेन म्हणजे राग समजत होतो. ओळी तिरक्या होऊन एकमेकींवर चढतायत. तुला आपलं लिहिलेलं दिसत नाहीये, ताई.

कधीपासून? डॉक्टर काय म्हणाले? खऱ्या डॉक्टरांबद्दल विचारतोय, त्या दातपाड्याबद्दल नाही.

त्या तीन कपलरांपैकी एक फॉगलाइटचा आहे, एक हीटरचा आणि एक इग्निशनचा. कुठला कोणता हे मी एकटाच सांगू शकतो आणि मी सांगणार नाही. चुकीचा लावलास तर कॉइल जळेल. जळू दे. शपथेप्रमाणे बोलायचं नाही तर नको बोलूस, परत पाना फेक, सगळ्यांना सांग की भाऊ नालायक निघाला. पण तू त्या गाडीत बसून रस्त्यावर जाणार आणि तुला समोरचं पोर दिसणार नाही, आणि त्या गाडीची ठिणगी मी दिलेली असणार, हे मला सहन होणार नाही. मला भीती वाटते तुझी. तुझ्यासाठी वाटते, असं वाच.

भंगारवाल्याला नेऊ दे.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्यास,

इतके दिवस लिहिलं नाही. रागावले होते. मग राग गेला आणि लाज राहिली. तिचं काय करायचं ते मला माहीत नाही, सवय नाही.

दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. बरा होत नाही. मध्यभागी धुकं असतं आणि कडेचं तेवढं दिसतं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. शेजारच्या डॉक्टरच्या बाबतीत फारसं नुकसान नाही. गडद रंग सगळे एकच झालेत. वायरींचे रंग मला पाठ आहेत असं मी त्याला ठणकावून सांगितलं होतं, म्हणून त्याने ते कधी बघितलेच नाहीत. तुझ्या दोऱ्याचं वाचल्यावर तो म्हणाला होता, बाई, मला कुठे दोरा दिसत नाही. मी म्हटलं, तुम्हाला दातांपलीकडे काय दिसतं. आणि मी तुला गाठ लिहून पाठवली. काकू आणि आत्याची अदलाबदल त्यानेच केली, एकदा उलट लागलं होतं तर आता सुलट लागेल या हिशेबाने.

हो, वाचल्यावर. तुझं प्रत्येक पत्र तोच मला मोठ्याने वाचून दाखवतो. ‘दातपाड्या’ हा शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने, एकदाही न अडखळता वाचलाय. कवळीच्या वाक्यापाशी थांबून पाणी प्यायला. चिमट्याबद्दल तू लिहिलंस ते त्याला पटलेलं नाही. तेवढं कळवा म्हणाला.

तुला का नाही सांगितलं ते सांगते. तू सगळ्यांसमोर म्हणालास की वय झालं, आता पुरे. तेव्हा माझे डोळे चांगले होते आणि तू चूक होतास. मग तू गेलास आणि वर्षाच्या आत तू बरोबर ठरलास. जगातल्या कुणालाही कळलं असतं तर चाललं असतं. तुलाच कळू द्यायचं नव्हतं. बास, एवढंच आहे ते.

आणि आता तुझं चुकलंय ते ऐक. मी गाडी चालवणार असं मी एका तरी पत्रात लिहिलंय का? सगळी तुझ्याकडेच आहेत, परत काढून वाच. कुठेच नाही. लायसन्स मी स्वतः जाऊन परत दिलं, गेल्या वर्षी. काउंटरवरच्या बाईला कळेचना. हरवलं का विचारते, नवं हवं का विचारते. कुणी असं परत आणून देत नाही म्हणे. मी म्हटलं, मी देते, घ्या आणि पावती द्या. मी उद्धट आहे, खुनी नाही.

गाडी तू चालवायची आहेस.

मला दुसऱ्या सीटवर बसायचंय. त्या सीटवर मी आजवर बसलेच नाही, तिथून गाडी कशी वाटते ते मला माहीत नाही. डॉक्टरच्या दवाखान्यामागे छपराची जागा आहे, ती तो देतोय. तिथपर्यंत न्यायची. साखळीने ओढलेली मला चालणार नाही. मला ती दिसणार नाही, पण साखळीचा आवाज ऐकू येईल आणि तो मी सहन करणार नाही.

शेडच्या भिंतीवर त्यांनी लाल फुली मारली आहे. ती मला दिसली, कडेने.

ताई


७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र गॅरेजमध्ये आलं. उघडलं, वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या गाडीत काचा वर करून बसलो. गिऱ्हाईक बाहेरून बघत होतं. मी त्याला हातानेच सांगितलं की वायरिंग तपासतोय. रडलो. बोलायची परवानगी नाही म्हणून लिहितोय.

मी चार लोकांसमोर बोललो ते चूक होतं. घरात, एकटीला सांगायचं होतं. आणि तेव्हा ते खरंही नव्हतं. मला तुझी चिंता वाटत होती आणि मी ती वयावर ढकलली.

आता इथून पुढचं डॉक्टरांसाठी आहे. डॉक्टर, नमस्कार. ‘दातपाड्या’ मागे घेतो. चिमट्याचं मागे घेत नाही. तिन्ही कपलर तुमच्या दिव्याच्या उजेडात नीट बघा आणि रंग तुम्ही स्वतः वाचा, बाईंना पाठ असले तरी. एकात लाल वायर आणि पिवळी रेघ, तो फॉगलाइट, सोडून द्या. एकात हिरवी आणि तपकिरी रेघ, तो हीटर, तोही सोडा. तिसऱ्यात कोरी पांढरी आणि पांढऱ्यावर काळी रेघ, या दोन. तोच इग्निशन. पांढरी कॉइलकडे जाते, काळ्या रेघेची डिस्ट्रिब्यूटरकडे. कपलरच्या एका अंगाला खाच आहे, ती बॉनेटकडे करून बसवा. बोटांनी. मग चावी फिरवा, पण गिअर टाकू नका आणि बाईंना त्या सीटवर बसू देऊ नका. त्या म्हणतील, नुसती बसते. ऐकू नका.

ताई, तुझी गाडी मी कधी चालवलेली नाही. तिच्या पोटात उलटा झोपून मी माझी कंबर घालवली, पण किल्ली तू कधी दिली नाहीस. आमच्या गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या मी पुढे-मागे करतो, तेवढंच माझं ड्रायव्हिंग. मी घाबरलोय हे आधीच सांगून ठेवतो. तू शेजारी बसून गिअरच्या आवाजावरून मला शिव्या देणार, तेही गप्प राहून, हे त्याहून वाईट.

अठरा तारखेला येतो. शपथ पाळायची तर पाळू. मी गप्प राहू शकतो. तुझं मला सांगता येत नाही.

धाकटा


२० एप्रिल

धाकट्यास,

आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितेय, पट्टी ठेवून, तरी ओळी भांडत असतील. डॉक्टर म्हणाला, सांगा, मी लिहितो. पण हे त्याला सांगून लिहिण्यासारखं नाही.

परवा तू आलास, जेवलास, गाडी दवाखान्यामागे नेऊन लावलीस, रात्रीच्या बसने परत गेलास आणि मी एक शब्द बोलले नाही. डॉक्टर बिचारा मध्ये उभा राहून ‘बाई म्हणतात मीठ हवं का’, ‘भाऊ म्हणतात नको’ असं करत होता. आपण दोघं वेडे आहोत असं त्याचं मत झालंय. मी म्हटलं, झालं नाही, होतंच.

इंजिनाने पेट घेतला तेव्हा मी शेडच्या दारात होते. भंगारवाला साखळी घेऊन माझ्या डाव्या हाताला उभा होता, त्यामुळे तो मला छान दिसला. साखळी त्याने आपसूक जमिनीवर ठेवली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो फार दचकला.

तुझं ड्रायव्हिंग वाईट आहे. फाटकापाशी गाडी दोनदा बंद पाडलीस. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तू इतका विचार करतोस की तेवढ्यात माणूस म्हातारा होईल. क्लचवर पाय ठेवून बसतोस. मी दातावर दात धरून बसले होते. डॉक्टर मागून त्याच्या गाडीत येत होता, त्याला ऐकू आलं असेल.

दवाखाना उजवीकडे आहे. तू डावीकडे वळलास. मला कळलं, ऊन या गालावरून त्या गालावर आलं. मला वाटलं, हा रस्ता चुकला आणि शपथेमुळे मला सांगता येत नाही. मग गल्ल्या संपल्या, हवा मोकळी झाली आणि तुझा चौथा गिअर पडला, नीट पडला. तेव्हा कळलं की तू चुकलेला नाहीस.

आणि तू बोलायला लागलास. माझ्याशी नाही, काचेशी. खाली मान घालून हिशेब करणाऱ्या माणसासारखं. डावीकडे शाळा, सुट्टी झालीये, पोरं नाहीत. पाण्याची टाकी, अजून तेवढीच कुरूप. उजवीकडे सगळं मोकळं. पुढे एक बैलगाडी, तिच्यावर माणूस झोपलाय. आता दोन्ही बाजूंनी झाडं. आता उतार. आता वळण, लांब आहे, उजवीकडे. लांब म्हणालास आणि माझा पाय आपोआप दाबला गेला, रिकाम्या जागेवर. तिथे ब्रेक नसतो. त्या सीटवर काहीच नसतं, नुसतं बसायचं असतं. मला फार वाईट वाटलं आणि मला फार बरं वाटलं, दोन्ही एकदम, आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

तेव्हा आधी तू बोललास, मी नाही. हे लक्षात ठेव, पुढे वाद नको. आता फोन केलास तरी चालेल, मी ठेवून देणार नाही.

एक तक्रार आहे. नदीवरचा पूल तू सांगितला नाहीस. चाकांचा आवाज पोकळ झाला आणि गार वारा आला, त्यावरून मी समजले की पाणी आलं. पूर्ण पूल तू गप्प होतास. समोर ट्रक असेल किंवा आणखी काही, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी येशील तेव्हा पूलही सांग. पाणी किती आहे ते सांग, काठावर कोण बसलंय ते सांग, काही नसलं तर काही नाही असं सांग. तू गप्प झालास की मला काही दिसत नाही.

ताई